पुढचं चाक अधांतरी: पडवीतल्या कामाच्या नोंदी

२८ सप्टेंबर २०२५, रविवार

मालवणहून आचऱ्याला येताना मोटारसायकलच्या पुढून घरघर ऐकू आली. चाळीसच्या वेगात स्पष्ट, साठला वाऱ्यात बुडून जाते. उतारावर क्लच दाबून इंजिन बंद केलं, तरी आवाज तसाच. म्हणजे इंजिनाचा नाही, चाकाचा.

घरी येऊन गाडी डबल स्टँडवर घेतली. या स्टँडवर मागचं चाक उचललं जातं, पुढचं जमिनीवरच राहतं. पुतण्याला म्हटलं, मागचा कॅरिअर धरून खाली दाब. त्याने अंग टाकलं तसं पुढचं चाक बोटभर उठलं. तेवढ्यात मी टायर वरून आणि खालून धरून हलवला: टक, टक. मग एक बोट फोर्कवर, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या नळीवर, आणि एक रिमवर ठेवून पुन्हा हलवला. फोर्क जागचा हलत नाही, रिम हलते. फोर्कही सोबत हलला असता तर दोष हँडलच्या कोन सेटमध्ये शोधावा लागला असता. इथे चाकाचं बेअरिंग गेलंय.

कसं गेलं तेही माहीत आहे. पावसाळ्यात अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला खाडीकाठचा रस्ता पाण्याखाली जातो आणि मी दोनदा तरी चाकाच्या हबपर्यंतच्या, म्हणजे मधल्या तुंब्यापर्यंतच्या, खाऱ्या पाण्यातून गाडी काढली. घरी येऊन गोड्या पाण्याने धुतली होती, पण सीलच्या आत गेलेलं मीठ धुऊन निघत नाही. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलंच पाणी ओढून स्वतः विरघळतं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा त्याच्या वरच असते. म्हणजे बेअरिंगमध्ये शिरलेलं मीठ चार महिने वाळलंच नाही.

गॅरेजला न्यायची नाही, असं ठरवलं. दोन वर्षांपूर्वी एका गॅरेजात दोघांनी हँडल धरून पुढचा भाग उचलला आणि तिसऱ्याने इंजिनाखाली दगड सरकवला. दगड कलंडला आणि गाडी सायलेन्सरच्या पाइपवर बसली. कुणाचा हात त्याखाली नव्हता, हे नशीब. तो आवाज अजून कानात आहे. या वेळी घरीच करायचं, घाई न करता, आणि प्रत्येक पायरी लिहून ठेवायची.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

उद्या दसरा. पाने, पक्कड, हातोडी पुसून पूजेला काढली. गाडी धुतली. हत्यारं हाताशी होतीच, म्हणून तोलाचं काम आज उरकून घेतलं.

गाडी रॉयल एनफिल्डची क्लासिक ३५०. कागदावर वजन १९५ किलो, दोन चाकांच्या आसांमधलं अंतर १३९० मिमी. घरातला माणसं जोखायचा वजनकाटा पुढच्या चाकाखाली ठेवला. काट्याची जाडी तीन सेंटिमीटर, म्हणून स्टँडच्या पायांखालीही तेवढ्याच जाडीची फळी घातली, नाहीतर गाडी तिरकी राहून वजन चुकीचं दाखवते. टाकी भरलेली असताना काट्यावर ३१ किलो. पेट्रोल कॅनमध्ये काढून दोनेक लिटर ठेवलं, तर २८. टाकी स्टँडच्या पुढे आहे, तिच्यातलं वजन पुढच्या चाकावर येतं, त्यामुळे उचलण्याआधी टाकी हलकी करणं फायद्याचं.

२८ किलो म्हणजे काहीच नाही, असं वाटतं. तांदळाची गोणी यापेक्षा जड. पण हे वजन चाकाच्या आसापाशी आहे, आणि तो आस स्टँडच्या पायांपासून ८२ सेंटिमीटर पुढे आहे. जॅक लावायला जागा मिळते ती इंजिनाच्या पोटाखाली, स्टँडपासून ३० सेंटिमीटरवर. तरफेचा हिशेब: २८ गुणिले ८२ भागिले ३०. उत्तर ७६ किलो. जॅक आणखी मागे, २० सेंटिमीटरवर लावला तर ११५. जॅक जितका पुढे तितका त्याच्यावर भार कमी आणि गाडी तितकी स्थिर. आजवर मी जॅक जिथे बसेल तिथे लावत आलो.

२ ऑक्टोबर, दसरा

हँडलला झेंडूची माळ. काम नाही.

५ ऑक्टोबर, रविवार

पहिला प्रयत्न. सोडून दिला.

भावाच्या कारमधला कैची जॅक घेतला. बाटली जॅक आधी पाहिला होता, पण तो पूर्ण खाली असतानाच वीतभर उंच. या गाडीच्या पोटाखाली जेमतेम १७ सेंटिमीटर जागा, त्यात लाकडाची फळीही घालायची आहे. शिवाय बाटली जॅकचं सील जुनं असलं की तो रात्रीत हळूहळू बसतो.

चूक जागेची झाली. खळ्यात, घरापुढच्या अंगणात, उजेड चांगला म्हणून तिथे गाडी लावली. वरून माती घट्ट वाटत होती, पण खाली पावसाचं पाणी अजून मुरलेलं. जॅकचे चार-पाच फेरे झाले, चाक किंचित हललं, आणि मी सवयीने स्टँडकडे पाहिलं. स्टँडच्या डाव्या पायाखाली मी वर्तमानपत्राचा तुकडा सरकवून पाहिला, तो आरपार गेला. म्हणजे स्टँडचा तो पाय हवेत होता. मागे पाहिलं तर मागचं चाक जमिनीला टेकलेलं. गाडी त्या क्षणी मागचं चाक, जॅक आणि मातीत रुतत चाललेला स्टँडचा एक पाय यांवर उभी होती. पुतण्याला हँडल धरायला सांगून जॅक उतरवला. माझा हात थरथरत होता.

संध्याकाळी कागदावर मांडल्यावर कारण कळलं. पुढचा भाग वर गेला की मागचा खाली येतो, स्टँड हा मधला टेकू. मागचं चाक जमिनीपासून फक्त दोन सेंटिमीटर वर होतं. म्हणजे पुढचं चाक तीन सेंटिमीटरच्या आत उचललं की मागचं टेकणार, आणि त्यानंतरचा प्रत्येक फेरा चाकाबरोबर स्टँडलाही उचलणार. चाक मडगार्डखालून काढायला मला निदान सहा सेंटिमीटर हवेत.

उपाय साधा निघाला: स्टँडच्या पायांखाली एक इंच जाडीची फळी. तिने मागचं चाक सहा सेंटिमीटरपर्यंत वर राहतं आणि पुढचं जवळजवळ नऊ सेंटिमीटर उचलता येतं. एका इंचाने एवढा फरक पडतो, हे मला माहीत नव्हतं.

६ ऑक्टोबर, कोजागरी

शेजारचे आबा दूध प्यायला आले. त्यांचं आयुष्य रापणीवर, किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्यावर गेलं, पन्नास वर्षं होड्या वाळूवर ओढल्या. कालची हकीकत सांगितली. गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाले, “झिला, होडी वर काढताना ती खय घसरतली तां आधी बघूचा. ओढूचा मगे.”

मग आम्ही दोघांनी गाडी कुठे कुठे जाऊ शकते ते एकेक करून पाहिलं. पुढे सरकली तर स्टँडचे पाय मागे दुमडतात आणि सगळं खाली येतं. बाजूला कलली तर जॅक वाचवत नाही, त्याचं डोकं तळहाताएवढंही नसतं. आणि चाक निघाल्यावर काय, हा प्रश्न आबांचा. चाक माझ्या अंदाजाने १३ किलोचं. पुढचा भार २८ होता, त्यातले १३ गेले तर उरतात १५. म्हणजे चाक काढलं की पुढचा भाग एकदम हलका होतो, मागे कुणी टेकलं तरी उचलला जाईल, आणि त्याखालचे टेकू सैल पडतील. काम सुरू करताना जी गाडी स्थिर आहे ती मध्यावर तशी राहत नाही.

आबांनी स्वतःची नायलॉनची दोरी द्यायची म्हटली. पण नायलॉन ताणाखाली लांबतं, म्हणून तर नांगराला ते चांगलं, धक्का खातं. स्टँड बांधायला न लांबणारं हवं. ट्रकवाले माल आवळतात तो रॅचेटचा पट्टा ठीक. नायलॉन वरच्या आधारासाठी ठेवू.

११ ऑक्टोबर, शनिवार

टेकूसाठी आधी जांभ्याचे चिरे डोळ्यांसमोर होते, कुंपणाशी चार पडलेत. आबा नको म्हणाले आणि ते बरोबर होतं. जांभा खाणीत मऊ असतो, हवा लागली की कठीण होतो. फ्रान्सिस बुकॅनन यांनी १८०७ साली त्याला लॅटेराइट म्हटलं ते वीट या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून, आणि तो वागतोही विटेसारखाच: भिंतीत सगळीकडून सारखा दाब आला तर शंभर वर्षं उभा, पण कडेवर एका जागी भार आला की कोपरा भुगा होऊन सुटतो. टेकूला लाकूडच हवं. लाकूड तुटण्याआधी करकरतं, दबतं, सूचना देतं.

घर शाकारताना काढलेल्या ऐनाच्या जुन्या वाशाचे सुताराकडून आठ तुकडे करून घेतले, प्रत्येक वीतभर लांब. चार पाचरी फणसाच्या. दोन सेंटिमीटर जाडीची एक फळी इंजिनाखाली आडवी घालायला. पोटाखाली आडवं पडून टॉर्चने पाहिलं आणि तेलाचा ड्रेन नट आणि सायलेन्सरचा बाक यांना फळी लागणार नाही अशी जागा खडूने आखली.

१२ ऑक्टोबर, रविवार

चाक निघालं. सकाळी आठ ते दुपारी दीड.

जागा पडवीची. कोबा सपाट, कोरडा, उतार नावाला. क्रम असा ठेवला.

आधी स्टँडखाली इंची फळी घालून गाडी तिच्यावर चढवली. याला दोघं लागतात, एकट्याने करू नये. मग रॅचेटच्या पट्ट्याने स्टँडचे दोन्ही पाय पुढे ओढून चौकटीच्या पुढच्या नळीला आवळले. आता गाडी ढकलली तरी स्टँड दुमडणार नाही. मुद्दाम पुढे ढकलून पाहिली, हलली नाही. मग नायलॉनच्या दोन दोऱ्या तुळईवरून घेऊन हँडलच्या दोन्ही बाजूंना, ताण न देता, फक्त ढील काढून. त्यांनी गाडी उचलायची नाही, कलली तर धरायची.

आसाचा नट आणि कॅलिपरचे (ब्रेकची डिस्क आवळणाऱ्या भागाचे) बोल्ट चाक जमिनीवर असतानाच सैल केले. हे आधीच करावं. अडकलेल्या नटावर पान्याने जोर लावताना गाडी हवेत असेल तर तो जोर टेकूंवर जातो.

मग जॅक, स्टँडपासून तीस सेंटिमीटरवर. अर्धा फेरा, थांबायचं, चारी बाजूंनी पाहायचं, पुन्हा अर्धा फेरा. टायरखाली वर्तमानपत्राची पट्टी ठेवली होती आणि पुतण्या ती हलकेच ओढून धरून बसला होता. आधी पट्टी ताणलेली. मग एका फेऱ्याला ती सुळकन त्याच्या हातात आली. “काका, सुटली!” स्टँडखाली दोन्ही बाजूंना पट्टी घालून पाहिली, आत शिरेना. म्हणजे दोन्ही पाय घट्ट. आसापाशी सहा सेंटिमीटर उचलायला जॅकला जेमतेम सव्वादोन सेंटिमीटर चढावं लागलं, फोर्कशेजारी मोजपट्टी उभी धरून खात्री केली.

उंची मिळाल्यावर फळीच्या दोन्ही टोकांखाली ऐनाचे ठोकळे आडवे-उभे रचले, वर पाचरी हाताने सरकवल्या आणि जॅक किंचित उतरवून भार ठोकळ्यांवर घेतला. पाचरी करकरल्या आणि बसल्या. जॅक तिथेच ठेवला, नुसता टेकलेला. जॅक उचलण्यासाठी, ठोकळे धरण्यासाठी. चाक काढलेली गाडी जॅकवर ठेवून मी जेवायलासुद्धा जाणार नाही.

मागच्या कॅरिअरवर कुणी हात ठेवू नये म्हणून आईचं लाल लुगडं त्याच्यावर टाकलं.

कॅलिपर तारेने फोर्कला टांगला, ब्रेकच्या नळीवर लटकत ठेवला नाही. दोन पॅडच्या मध्ये लाकडी पट्टी, चुकून ब्रेक दाबला गेला तर पिस्टन बाहेर येऊ नयेत. एबीएसच्या, म्हणजे ब्रेक दाबताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या, सेन्सरची वायर सोडून बाजूला बांधली.

आसाने मात्र दमवलं. पोलादी आस, भोवती ॲल्युमिनियम, मध्ये मीठ, तिघांनी मिळून गंज धरलेला. तेल सोडून अर्धा तास थांबलो. मग टोकावर नट उलटा चढवला, आटे वाचावेत म्हणून, आणि लाकूड ठेवून हातोडी. प्रत्येक ठोक्याला मी चाकाकडे नाही, पाचरींकडे पाहत होतो. खडूची खूण जागची हलली नाही. विसाव्या-पंचविसाव्या ठोक्याला आस तसूभर सरकला.

चाक काट्यावर ठेवलं: १३ किलो आणि थोडं. चाक निघाल्याबरोबर डाव्या बाजूची एक पाचर बोटाने हलू लागली. आबांनी सांगितलं होतं तेच. दोन्ही बाजूंच्या पाचरी पुन्हा आत दाबल्या.

सील उचकटून पाहिलं. ग्रीस उरलंच नव्हतं, नाचणीच्या आंबिलीच्या रंगाचं पातळ पाणी होतं. उजव्या बेअरिंगमध्ये बोट घालून फिरवलं तर खडा लागल्यासारखं अडतं. डावं बरं आहे, पण बदलायची तर दोन्ही. आतल्या नळीला बाजूला सारून पंचने आळीपाळीने ठोकत बाहेर काढली.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

एसटीने कणकवली. बेअरिंगवरचा नंबर कागदावर उतरवून नेला होता, शिवाय जुनं बेअरिंगही खिशात. नंबर वाचता आला की दुकानदारावर विसंबावं लागत नाही. शेवटचे दोन आकडे आतल्या भोकाचे: ०२ म्हणजे १५ मिमी, ०३ म्हणजे १७, आणि ०४ पासून पुढे पाचाने गुणायचं, ०४ म्हणजे २०. त्यानंतरची अक्षरं झाकणाची. झेडझेड म्हणजे दोन्ही बाजूंना पत्रा, २आरएस म्हणजे दोन्ही बाजूंना रबरी सील. पत्र्याचं झाकण आतल्या कड्याला टेकत नाही, धूळ अडवतं पण पाणी नाही. किनाऱ्यावर राहणाऱ्याने २आरएसच मागावं. पहिल्या दुकानात झेडझेड पुढे केलं, “तेच चालतं सगळ्यांना” म्हणाले. दुसऱ्या दुकानात मिळालं. बाहेरचे दोन सीलही नवे घेतले.

रात्री साडेनऊला वारा सुटला आणि पाऊस पडवीत आत आला. कंदील घेऊन गाडीपाशी गेलो. दोऱ्या ओल्या होऊन सैल पडल्या होत्या, त्या पुन्हा खेचल्या. पाचरी तशाच. शेजारचं मांजर इंजिनाखालच्या फळीवर झोपलेलं होतं. बिनचाकाची गाडी दोन रात्री उभी आहे आणि तिच्याखाली जीव निवांत झोपतो, हे पाहून बरं वाटलं, तरी मांजर तिथून उठवलं.

१८ ऑक्टोबर, शनिवार, धनत्रयोदशी

बेअरिंगं कालपासून फ्रिजरमध्ये, प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत, सुरमईच्या डब्याशेजारी. चाक सकाळपासून उन्हात. गारठ्याने बेअरिंग किंचित आक्रसतं, उन्हाने हब किंचित फुलतो. केसाएवढाही फरक नाही, पण बसवताना हातोडीला कळतो.

जुन्या बेअरिंगचंच बाहेरचं कडं नव्यावर ठेवून ठोकलं. ठोका फक्त बाहेरच्या कड्यावर पडला पाहिजे. आतल्या कड्यावर मारलं की सगळा धक्का गोळ्यांमधून जातो आणि नवं बेअरिंग पहिल्या दिवशीच घरघरतं. एक बाजू पूर्ण बसवली, आवाज बदद्‌ वरून टणक झाला तिथे थांबलो. मग मधली नळी घातली, ती विसरली तर सगळं पुन्हा उखडावं लागेल, आणि दुसरी बाजू नळीला टेकेपर्यंतच. आस पॉलिश पेपरने घासून त्यावर ग्रीसचा पातळ हात दिला. होड्यांच्या इंजिनांचा मेकॅनिक वापरतो ते पाण्यात न धुपणारं ग्रीस त्याच्याचकडून डबीभर आणलं होतं. डिस्कला ग्रीसचं बोट लागू दिलं नाही.

चाक बसवलं. आसाचा नट आधी हलका. मग उलट क्रमाने: जॅकने भार घेतला, पाचरी काढल्या, ठोकळे काढले, जॅक उतरवला. कॅलिपर जागेवर. ब्रेकचा लिव्हर दाबत राहिलो, आधी चार-पाच वेळा तो पोकळ जातो, मग कडक लागतो. तो कडक लागेपर्यंत स्टँडचा पट्टा सोडला नाही. पट्टा सोडून गाडी जमिनीवर घेतल्यावर पुढचा ब्रेक धरून फोर्क दहा वेळा दाबला, दोन्ही पाय आपापल्या जागी समांतर बसावेत म्हणून, आणि त्यानंतरच नट टॉर्क रेंचने, जोर मोजणाऱ्या पान्याने, पुस्तिकेत दिलेल्या आकड्याला आवळला. नट आणि फोर्क यांवरून पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढली.

१९ ऑक्टोबर, रविवार

आचरा ते मालवण आणि परत. चाळीसला कान देऊन ऐकलं. टायरचा आवाज, वारा, आणखी काही नाही. मालवणात शिरताना पहिल्या वळणावर ब्रेक दाबला आणि गाडी सरळ थांबली. घरी येऊन पांढरी रेघ पाहिली: अखंड. हबला हात लावला, कोमटही नाही.

२६ ऑक्टोबर, रविवार

दीडशे किलोमीटर झाले. पुतण्याने कॅरिअर दाबला, मी चाक धरून हलवलं. टक नाही. रेघ जिथल्या तिथे.

आबांची दोरी परत केली. त्यांनी ठोकळे मागितले, होडीचा तळ रंगवायचा आहे, तिला कलती ठेवायला लागतील. सहा दिले, दोन ठेवले. आठहीवर रंगाने “गाडी” लिहिलंय, नाहीतर कुणीतरी चुलीत घालेल.